जागा आहे: एका गेमिंग कन्व्हेन्शनचं डिझाईन करताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात चार पोरं माझ्याकडे आली. दोघं इंजिनिअर, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक नुकतीच सीए झालेली मुलगी, आणि चौघांना मिळून पुण्यात दोन दिवसांचं गेमिंग कन्व्हेन्शन भरवायचं होतं. मुख्य बोर्ड गेम्स, बाजूला पत्त्यांचे प्रकार, एका खोलीत व्हिडिओ गेम्स, एका कोपऱ्यात बुद्धिबळ. गेली तीन वर्षं ही मंडळी दर रविवारी कोथरूडमध्ये एका गच्चीवर जमून खेळतायत, सुरुवातीला सहा जण असायचे, आता चाळीस होतात आणि पाऊस आला की सगळे जिन्यात. तर गच्ची पुरत नाही म्हणून कन्व्हेन्शन, इतकं साधं होतं ते, आणि मला तेच फार आवडलं. त्यांना नाव, लोगो, वेबसाईट, तिकीट, बॅनर सगळंच हवं होतं आणि सप्टेंबरची तारीख आधीच ठरली होती. कन्व्हेन्शनचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाहीये, कारण ही पोस्ट जाहिरात नाही, मला फक्त त्या तीन महिन्यांच्या कामाबद्दल लिहायचंय.

पोरांनी येताना फोनमध्ये एक फोल्डर भरून फोटो आणले होते, की ताई असं काहीतरी हवंय. काळी बॅकग्राउंड, जांभळा आणि पोपटी निऑन, वीस बाजूंचा फासा, कंट्रोलर, आणि मीपल. मीपल म्हणजे तो लाकडी छोटा माणूस, हात पसरून उभा असलेला, कारकासोन नावाच्या गेममधला. २००० साली तो गेम आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत ॲलिसन हॅन्सेल नावाच्या बाईंनी माय (माझी) आणि पीपल (माणसं) हे दोन इंग्रजी शब्द जोडून हे नाव पाडलं. तेव्हापासून जगभर बोर्ड गेमवाल्यांची खूण म्हणजे मीपल, दुकान असो, कॅफे असो, टीशर्ट असो. खेळणाऱ्याला तो दिसला की आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं हे मी समजू शकते. पण त्याच संध्याकाळी मी तो आईला दाखवला, काय दिसतंय विचारलं, तर ती म्हणाली चांदणी आहे का गं, की शिऱ्याचा साचा? मग खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवला, रिक्षावाल्या दादांना दाखवला, जिममधल्या दोन मुलींना दाखवला, आणि एकालाही त्यात खेळ दिसला नाही.

पोरांना मी हे सांगितलं तेव्हा एक जण पटकन म्हणाला की पण ताई, जे खेळतात त्यांना कळेल ना. आणि तिथेच माझ्या डोक्यात कामाची दिशा ठरली, कारण जे खेळतात ते चाळीस जण येणारच आहेत, त्यांना लोगोची गरजच नाही, त्यांना व्हॉट्सॲपवर "शनिवारी या" एवढं लिहिलं तरी पुरेल. हॉल भरायचा असेल तर ज्याने आयुष्यात लुडो आणि कॅरमपलीकडे काही खेळलेलं नाही आणि जो दारात उभा राहून आत जाऊ की नको असा विचार करतोय त्याच्याशी बोलायला लागेल.

मग मी एका रविवारी गच्चीवर गेले, लॅपटॉप न घेता, नुसतीच. तिथे एक आई मुलाला सोडायला आली होती, अकरावीतला मुलगा, पहिल्यांदाच आलेला. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या, आत आल्याच नाहीत, आणि मला आयोजक समजून हळूच विचारलं, "इथे पैसे लावून नाही ना खेळत?" मी नाही म्हटलं, चला बघा म्हटलं, तरी त्या पाच मिनिटं तिथूनच बघत होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती. कितीतरी वर्षं टीव्हीवर, बसच्या पाठीवर, मॅच चालू असताना, गेमिंग म्हटलं की रमी आणि फँटसी टीमच्या जाहिराती दिसल्यात आपल्याला, आणि प्रत्येकाच्या ओळखीत कोणी ना कोणी त्यात पैसे घालवलेला असतो. त्या बाईंच्या कानाला गेमिंग या शब्दाचा अर्थ जुगाराच्या शेजारचा होता.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना फोन करून सांगितलं की नावात गेमिंग नको.

यावर दोन आठवडे वाद झाला, आणि चांगला वाद झाला. त्यांचं म्हणणं, गेमिंग आणि कॉन (म्हणजे कन्व्हेन्शन) हे दोन्ही शब्द नसतील तर लोकांना कळणार कसं, जगभर तसंच म्हणतात. मग मी त्यांना जेन कॉन या अमेरिकेतल्या प्रसिद्ध गेमिंग कन्व्हेन्शनची गोष्ट सांगितली, जी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती पण या बाजूने बघितली नव्हती. १९६८ साली गॅरी गायगॅक्स नावाच्या गेम बनवणाऱ्या माणसाने अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या आपल्या छोट्या गावातला हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेतला आणि गावाच्या नावावरून, शिवाय जिनिव्हा कन्व्हेन्शन या युद्धाच्या नियमांच्या करारावर श्लेष करून, जेन कॉन असं नाव ठेवलं. म्हणजे आज ज्या नावाची सगळं जग नक्कल करतंय ते मुळात गावातल्या माणसांना कळणारं, गावातूनच निघालेलं नाव होतं. मग आपलं नाव पुण्यातल्या माणसाला कळेल असं का नको? शेवटी त्या सीए मुलीनेच तोडगा काढला, ती म्हणाली की आपण एकमेकांना फोन करतो तेव्हा काय म्हणतो? "रविवारी खेळायला येतोयस का?" गेमिंगला येतोयस का असं कोणीच म्हणत नाही. झालं, नावात खेळ आला.

खेळ हा शब्द लिहायला घेतला आणि मला अक्षरशः खजिना सापडल्यासारखं झालं, कारण त्यात ळ आहे. रोजच्या हिंदीत नसलेलं, आपलं म्हणून ओळखता येणारं अक्षर. आणि ळ चा आकार बघा कधी नीट, शिरोरेषेखाली लटकलेली दोन वेटोळी, समोरासमोर. मी कागदावर तो चाळीस-पन्नास वेळा गिरवला आणि विसाव्या वेळेच्या आसपास कधीतरी मला त्यात टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली दोन माणसं दिसायला लागली, डोकी खाली घालून, वर शिरोरेषेचं छप्पर. तोच लोगो झाला. दोन वेटोळ्यांच्या मध्ये एक ठिपका टाकला, सोंगटीचा, बाकी काही नाही. फासा नाही, कंट्रोलर नाही.

ख ने मात्र दमवलं. ख चे दोन भाग खाली नीट जोडले नाहीत तर तो रव वाचला जातो, हे आपल्या लिपीचं जुनं दुखणं आहे, शाळेतसुद्धा बाई सांगायच्या की खालून जोड. मी ठसठशीत जाड अक्षर काढलं होतं आणि मोठ्या बॅनरवर ते फार छान दिसत होतं, पण फोनच्या टॅबमधल्या एवढ्याशा आयकॉनमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या गोल डीपीमध्ये ते "रवेळ" दिसायला लागलं. तीन दिवस फक्त त्या जोडावर गेले, रेघ किती खाली न्यायची, किती जाड ठेवायची, पोकळ जागा किती सोडायची. शेवटी मी रेघ नेहमीपेक्षा बरीच खाली ओढली, जवळजवळ पायाला टेकेपर्यंत, आणि छोट्या आकारासाठी ख पूर्ण काढून टाकून नुसता ळ ठेवला.

रंगांचं उत्तर आज्जीच्या ट्रंकेत होतं. आज्जीचा सारीपाट आहे आमच्याकडे, लाल कापडाचा, अधिक चिन्हासारखा, चार फाटे, प्रत्येक फाट्यावर तीन ओळी आणि ओळीत आठ घरं, म्हणजे एकूण ९६ घरं आणि मधला चौक. सोबत एका पुरचुंडीत लाकडी सोंगट्या, लाल, हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या. काळ्या सोंगट्यांपैकी एकीचा रंग डोक्याकडे उडालाय, आतलं लाकूड दिसतं, गुळगुळीत झालेलं, कारण आज्जी सोंगटी चालवायच्या आधी ती अंगठ्याने फिरवत बसायची, समोरच्याचा जीव टांगणीला लागेपर्यंत. मी ती सोंगटी टेबलावर ठेवून दोन दिवस काम केलं. लोगोतला ठिपका म्हणजे तिचं डोकं आहे, वरून बघितलेलं, आणि पॅलेट म्हणजे ते चार रंग. निऑन आपोआपच गळलं.

पोरांना मी पाट उलगडून दाखवला तेव्हा त्यातल्या एकाने पटकन फोन काढून घरं मोजली आणि म्हणाला हा तर लुडोच. हो, लुडो याच कुळातला, पचिशीवरून इंग्लंडमध्ये बेतलेला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं पेटंट आहे त्याचं. आणि सारीपाट तर आपल्याकडे देवही खेळतात, खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात पैज हरला आणि मग बारा वर्षं बानूकडे राहायला गेला ही गोष्ट जेजुरीच्या वाटेवर कोणीही सांगेल. सावंतवाडीची गंजिफा घ्या, हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावताराच्या संचात १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. एवढं सगळं घरात असताना आपण खेळाचं चित्र काढायचं म्हटलं की काळ्या पडद्यावर जांभळा कंट्रोलर काढतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. व्हिडिओ गेम्सबद्दल माझा काही राग नाही, मी स्वतः खेळते, पण ती एक खोली आहे त्या घरातली.

आता पिवळ्याबद्दल. पिवळा दिसायला आनंदी असला तरी पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कोणालाच वाचता येत नाहीत. वेबसाईटवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असा नियम आहे, पिवळा-पांढरा त्याच्या जवळपासही जात नाही, काळा-पिवळा मात्र एकदम ठणठणीत, एसटी स्टँडवरच्या पाटीसारखा. म्हणून पिवळा फक्त खाली, वर काळं अक्षर. आणि ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही अशी माणसं प्रत्येक गटात असतात, गच्चीवरही एक आहे, म्हणून हॉलच्या चार भागांना रंगासोबत आकारही दिले.

हॉल म्हणजे मंगल कार्यालय. सप्टेंबरचा दुसरा शनिवार-रविवार, पितृपक्ष, एकही लग्न नाही, त्यामुळे भाडं निम्म्याच्या खाली. जेवणाच्या हॉलमध्ये बोर्ड गेम्स, कारण तिथली टेबलं लांब आणि पंखे भरपूर, वरपक्षाच्या खोलीत गेम्सची लायब्ररी, आणि वधूपक्षाच्या खोलीत शांत बसायची जागा, कारण चार तास गोंगाटात बसून काही जणांचं डोकं भणभणतं. वेबसाईटवरच्या नकाशात मी ही नावं तशीच ठेवली. हॉल ए, हॉल बी लिहिलं असतं तर लोकं शोधत बसली असती, वरपक्ष म्हटलं की पुणेकर डोळे मिटून पोचतो.

ऑगस्टच्या २१ तारखेला संसदेत ऑनलाईन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची सही, आणि त्याच संध्याकाळी कार्यालयाच्या मॅनेजर काकांचा फोन. "अहो मॅडम, तुमचं ते गेमिंग सरकारने बंद केलं म्हणे, पेपरात आलंय, मग आता काय करायचं?" पोरांचे चेहरे उतरले, तीन आठवडे राहिले होते आणि डिपॉझिट भरलेलं. कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेम्सवर आहे, ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीच्या गेम्सना तो वेगळं धरतो, आणि टेबलावर पुठ्ठ्याचा बोर्ड मांडून बसलेल्या माणसांचा त्याच्याशी काही संबंधच नाही, पण हे फोनवर कसं समजवायचं? मी काकांना वेबसाईटची लिंक पाठवली आणि म्हटलं पहिलं पान वाचा, मग बोलू. दहा मिनिटांनी फोन आला, "हे तर आपले खेळ आहेत हो. सारीपाट आहे का? ठेवा की."

त्या पहिल्या पानाबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त मेहनत त्यावर आहे. आधीच्या आराखड्यात वर मोठा व्हिडिओ होता, खाली उलटं घड्याळ, मग पाहुणे, मग तिकीट. जुलैमध्ये आम्ही इन्स्टावर फक्त तारीख टाकली होती, त्याखाली आणि मेसेजमध्ये लोकांनी जे विचारलं ते सगळं मी एका वहीत उतरवून काढलं, आणि फिरून फिरून तेच प्रश्न होते. मला काहीच येत नाही, येऊ का? मी एकटीच आहे, चालेल का? पैसे लावतात का? मुलांना आणलं तर? चाळीशीच्या वरचे असतात का कोणी? कोणते गेम्स आहेत हे विचारणारे अगदी मोजके. तेव्हा व्हिडिओ काढला, घड्याळ काढलं, आणि पहिलं पान म्हणजे हेच प्रश्न, ज्या शब्दांत विचारले त्याच शब्दांत, आणि खाली दोन-दोन ओळींची सरळ उत्तरं. एकटी आलात तर दारात कोण भेटेल, त्याच्या अंगात कुठल्या रंगाचा टीशर्ट असेल, तो तुम्हाला कुठल्या टेबलाशी नेईल, हे सगळं. कोणी त्रास दिला तर कोणाला सांगायचं ते, आणि तो फोन दोन दिवस कोणाच्या हातात असणार तेही. पायऱ्या किती आहेत, रॅम्प कुठल्या दाराला आहे, बाथरूम कुठे आहे, जेवणात काय मिळेल. तिकीट यूपीआयवर, आणि पावती व्हॉट्सॲपवर, खातं उघडा, पासवर्ड बनवा असलं काही नाही.

मराठीत वेबसाईट करणाऱ्या पोरापोरींसाठी दोन गोष्टी लिहून ठेवते, कारण मला त्या कोणी सांगितल्या नव्हत्या. इंग्रजी डिझाईनमध्ये मथळ्याच्या अक्षरांत थोडी मोकळी जागा सोडायची पद्धत आहे, लेटर-स्पेसिंग, ती देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्द मणी सुटलेल्या माळेसारखा दिसतो, तेव्हा तिथे शून्य ठेवा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, आणि बटणाची उंची इंग्रजी शब्द टाकून ठरवू नका, मात्रा कापली जाते. दुसरं म्हणजे पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श आत दडलेला असतो, पण भाषा सांगितल्याशिवाय तो बाहेरच येत नाही आणि आपण हिंदी वळणाचा ल घेऊन बसतो. २००९ च्या शासन निर्णयात हीच रूपं मराठीची म्हणून ठरवलेली आहेत. एक ओळ लिहायची असते फक्त, आणि पान बघताक्षणी आपलं वाटायला लागतं.

छपाईत मात्र माझी मोठी चूक झाली. अप्पा बळवंत चौकाजवळ एका दुकानात टेबलांवर ठेवायच्या पाट्या छापायला दिल्या आणि घाईत फाईल कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर न करता, पाठवली. त्यांच्या मशीनवर फॉन्ट बदलला, "शिकवणारा" मधली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसली, आणि मी फोनवर आलेला प्रूफचा फोटो मोठा करून न बघता "ओके" लिहिलं. साठ पाट्या वाया. पैसे मी माझ्या बिलातून वजा केले, आणि दुकानातल्या दादांनी रात्री साडेनऊला पुन्हा मशीन चालू करून त्या छापून दिल्या, त्यांचे उपकार आहेत.

त्या पाट्या म्हणजे या सगळ्या कामातली मला सगळ्यात जवळची गोष्ट. परदेशातल्या काही कन्व्हेन्शनमध्ये टेबलावर खूण ठेवायची पद्धत आहे, खेळाडू हवेत, किंवा शिकवणारा हवा, म्हणजे अनोळखी माणसाला विचारत फिरावं लागत नाही. आम्ही दोन केल्या. लालवर पांढऱ्यात "शिकवणारा हवाय". पिवळ्यावर काळ्यात "जागा आहे". हे दोन शब्द सुचले ते पुणे-सातारा एसटीत, दारात उभ्या बाईंनी आत डोकावून विचारलं जागा आहे का, आणि आतून चार जणांनी एकदम आहे आहे म्हणत पिशव्या मांडीवर घेतल्या. वेबसाईटवरच्या तिकिटाच्या बटणावरही मग तेच लिहिलं, "रजिस्टर करा" काढून "जागा आहे".

शनिवारी सकाळी मी दारापाशीच थांबले होते, लोकं पाट्या कशा वापरतात ते बघायला. पहिला तास कोणी हातच लावला नाही, पिवळ्या पाट्यांचा गठ्ठा तसाच. मग एका टेबलावर तिघं जण चौथ्यासाठी खोळंबले होते, त्यातल्या एका काकांनी उठून पाटी घेतली आणि उभी केली, आणि दोन मिनिटांत एक मुलगी, पाठीला सॅक, येऊन समोर उभी राहिली. काही बोलली नाही, नुसतं पाटीकडे बोट केलं. काकांनी खुर्ची ओढली. त्यानंतर गठ्ठा कधी संपला मला कळलंच नाही. जिन्यावरच्या त्या आई रविवारी आल्या, यावेळी आत, आणि आज्जीच्या पाटावर त्यांनी मुलाला सलग दोन डाव हरवलं. मॅनेजर काका बाजूला उभं राहून कवड्या कशा खुळखुळवायच्या ते सांगत होते.

पिवळ्या चाळीस दिल्या होत्या, आवरताना एकतीस सापडल्या. नऊ जणांनी घरी नेल्या. पुढच्या आठवड्यात कोणीतरी इन्स्टावर फोटो टाकला, होस्टेलच्या खोलीचं दार आणि त्यावर चिकटवलेली पाटी, कोपरे दुमडलेली. पुढच्या वर्षी शंभर छापायच्या, आणि पुठ्ठ्यावर नको, सनबोर्डवर.